इंजिनाचे दीर्घायुष्य

यंत्राला प्राण नसतो. पण आयुष्य असते, आणि ते बव्हंशी चालविणाऱ्याच्या हाती असते. दट्ट्यांवर चालणाऱ्या विमानाच्या इंजिनाला टर्बोचार्जर जोडला म्हणजे तर हे विशेषच खरे ठरते.

सुमारे साडेपाच हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो आणि इंजिनाचा दम कोंडू लागतो. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली यावर युक्ती काढली. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूने एक चक्र फिरवावे आणि त्याच्या बळावर हवा दाबून आत भरावी, ही ती युक्ती. पण ही देणगी फुकटची नव्हे. दाबलेली हवा तापते, सिलिंडरही अधिक तापतो, आणि मर्यादा ओलांडली की इंधन क्रमाने जळण्याऐवजी एकदम भडकून दट्ट्याच निकामी करते. तेव्हा दीर्घायुष्याचा पहिला नियम असा, की उष्णतेला आवर घालावा.

या नियमाचे मोल १९४४ च्या उन्हाळ्यात आपल्याकडेच दिसून आले. अमेरिकेची बी-२९ विमाने तेव्हा खरगपूरच्या परिसरातील तळांवर आली होती. प्रत्येक विमानाला चार इंजिने, प्रत्येक इंजिनाला अठरा सिलिंडर आणि दोन टर्बोचार्जर! वाटेत कराचीजवळ काही विमाने अपघातात सापडली. कारण एकच, अतितप्त इंजिने. उपाय मात्र साधेच निघाले. निकासाच्या झडपांवर थंड हवेचा झोत नेमका पडेल अशी योजना केली आणि तेथे तेल अधिक पोहोचविले. ज्या इंजिनाच्या भरवशावर माणसे हिमालय ओलांडणार, त्याच्या झडपेची काळजी ही त्या माणसांच्या प्राणांचीच काळजी नव्हे काय?

त्याच वर्षी न्यू गिनीत चार्ल्स लिंडबर्ग यांनी पी-३८ विमानांच्या वैमानिकांना आणखी एक धडा दिला. लांबच्या प्रवासात इंजिनाचे फेरे मिनिटाला २२०० वरून १६०० वर आणा, हवेचा दाब थोडा चढता ठेवा आणि पेट्रोलचे प्रमाण कमी करा, असे त्यांनी सांगितले. इंजिने बिघडतील अशी भीती अनेकांना वाटली. ती निराधार ठरली. इंजिने टिकली आणि विमानांचा पल्लाही वाढला.

यामागील तत्त्व समजून घ्यावे. उड्डाणाच्या वेळी, पूर्ण शक्ती लावली असता, जास्तीचे पेट्रोल सिलिंडरला थंड ठेवते. तेथे काटकसर करणे म्हणजे आत्मघात. प्रवासात मात्र पेट्रोल बेताने कमी करता येते. ते अर्धवट कमी केले तर उष्णता आणि दाब कमाल होतात. त्यापलीकडे नेले तर इंजिन पुन्हा थंडावते. परंतु सर्व सिलिंडरांना सारखे इंधन मिळत नसेल तर इंजिन थरथरू लागते. म्हणून इंजिन बनविणाऱ्याच्या पुस्तिकेतील मर्यादा आणि समोरचा तापमापक यांवर नजर असावी.

बाकीचे नियम घरगुती शहाणपणाचेच आहेत. तेल पुरते गरम झाल्यावाचून जोर लावू नये. उंचावरून उतरताना शक्ती टप्प्याटप्प्याने कमी करावी. थांबण्यापूर्वी इंजिन थोडा वेळ मंद चालू द्यावे. नाहीतर टर्बोचार्जरच्या तप्त बेअरिंगमधील तेल जळून त्याचा कोळसा होतो. तेल वेळेवर बदलावे. आणि विमान महिनोन्‌महिने उभे ठेवू नये. तेलातील ओलाव्याने आतले भाग गंजतात. अतिश्रमाने जसे इंजिन झिजते, तसे ते आळसानेही झिजते.

सारांश, हे इंजिन मागाल तितकी शक्ती देते. किती मागावी याचा विवेक मात्र त्याच्यापाशी नाही. तो वैमानिकानेच बाळगावयाचा असतो.