यकृताचा मूक रोग व त्याचा उपाय
(तळोजा येथे ज्युबिलीनिमित्त केलेले भाषण)



ज्युबिलीच्या आनंदात रोगाची गोष्ट काढणे कित्येकांस अप्रस्तुत वाटेल. तथापि आमच्या मनावर एक ओझे आहे, ते आज आपणांपुढे उतरून ठेवितो.

आपल्यांतील एका गृहस्थांनी रक्तदान केले असता त्यांच्या रक्तात हिपॅटायटिस सी या विकाराची खूण आढळली. त्यांनी घरात आपले ताट वेगळे केले, नातवास जवळ घेणे सोडिले. ते आम्हांकडे आले तेव्हा आम्ही त्यांस धीर दिला. परंतु डॉक्टरांकडे जा, असे निक्षून सांगितले नाही. त्यात सहा महिने व्यर्थ गेले. हा दोष आमचा. त्यांच्या अनुमतीनेच हे सांगत आहो.

हा विषाणू १९८९ साली ओळखला गेला. तो रक्तावाटे पसरतो : वापरलेली सुई, दुसऱ्याचा वस्तरा, अस्वच्छ सुईचे गोंदण, तपासणी न झालेले रक्त. एका पंक्तीस जेवल्याने वा मुलास कुरवाळल्याने तो पसरत नाही. पुष्कळ वर्षे काही दुखत नाही. आतल्या आत यकृत मात्र कठीण होत जाते, आणि कित्येकांस शेवटी जलोदर वा कर्करोग गाठतो. दंडास मुळी बांधून किंवा कावीळ उतरवून घेऊन हा रोग जात नाही.

पहिल्या तपासणीत खूण आढळली म्हणजे विषाणू अद्याप आहेच, असे नव्हे. काहींचे शरीर त्यास आपोआप घालवून देते. यास्तव विषाणूच्या आर.एन.ए.ची दुसरी तपासणी अवश्य करावी. तीत तो सापडल्यास डॉक्टर यकृताची स्थिती व हिपॅटायटिस बी आहे की काय हे पाहून सोफोसबुविर, डाक्लाटासविर यांसारख्या गोळ्या देतात. बहुधा १२ आठवडे, यकृत फार बिघडले असल्यास अधिक काळ. शंभरांतील सुमारे ९५ रोगी बरे होतात. मात्र औषध संपल्यावर १२ आठवड्यांनी पुन्हा तपासून विषाणू न आढळला तरच बरे झाले म्हणावे. यावर लस नाही. पुन्हा लागण होऊ शकते, हेही ध्यानी असावे.

२०१३ साली अमेरिकेत सोफोसबुविरच्या एका गोळीस सुमारे १,००० डॉलर पडत. पुढे २०१४ साली भारतीय कंपन्यांस ती बनविण्याचा परवाना मिळाला, आणि २८ जुलै २०१८ रोजी सरकारने मोफत तपासणी व उपचारांचा राष्ट्रीय कार्यक्रम आरंभिला. पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात अथवा अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन चौकशी करावी. लाज बाळगू नये. शेजाऱ्यांनीही कोणास लाजवू नये.

त्या गृहस्थांची शेवटची तपासणी नुकतीच झाली. विषाणू आढळला नाही. आज ते आपणांबरोबरच पंक्तीस बसतील, आणि नातू त्यांच्या मांडीवर असेल.