रिकामा रकाना आणि हरवलेले नाव

(पिंगळी येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



संगणकाचा विषय निघाला की तो आपला नव्हे, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. परंतु आपल्या शेताचा सातबारा आज 'महाभूलेख' या संकेतस्थळावर पाहता येतो. तेथे जिल्हा परभणी, तालुका परभणी, गाव पिंगळी असे क्रमाने निवडावेच लागते. कारण गट क्रमांक १२ हा दुसऱ्या गावातही असू शकतो. पुढे मात्र गट क्रमांकाने शोधा किंवा नावाने शोधा, अशी मुभा आहे. पहिली माहिती सक्तीची, दुसरी आपल्या पसंतीची. अशा विचारलेल्या माहितीला पॅरामीटर म्हणतात आणि तिच्यावरून नोंदी गाळून घेण्याच्या अटीला फिल्टर. आयाबहिणींना हे वेगळे सांगायला नको. ज्वारी तीच असते, चाळणी बदलली की खाली पडणारे धान्य बदलते.

आता माझ्याच हातून घडलेल्या दोन चुका सांगतो.

एका शाळेसाठी मी विद्यार्थ्यांच्या यादीचा रिपोर्ट तयार केला होता. इयत्ता, मुलगा की मुलगी आणि गाव असे तीन ऐच्छिक फिल्टर ठेवले. मुख्याध्यापकांनी फक्त इयत्ता नववी निवडली, बाकी दोन मोकळे सोडले; आणि यादी कोरी आली! मोकळे सोडणे म्हणजे 'सर्व दाखवा' असे त्यांना अभिप्रेत होते. मी मात्र संगणकाला तसे सांगितलेच नव्हते. प्रत्येक ऐच्छिक फिल्टरमागे अशी सूचना असावी लागते: 'गाव विचारले नसेल तर ही अट सोडून दे, किंवा विचारले असेल तर ती लाव.' सारी किमया त्या 'किंवा' मध्ये आहे.

ही चूक निदान डोळ्यांना दिसली. दुसरी दिसली नाही. एसटीच्या पाससाठी बाहेरगावच्या मुलींची यादी हवी होती. मी अट घातली, 'शाळेचे गाव सोडून बाकी सर्व.' यादी व्यवस्थित आली, सह्या झाल्या. चार दिवसांनी एक वडील दारात उभे राहिले. "सर, माझ्या पोरीचं नाव कसं काय नाही?" शोधले तेव्हा कळले की, प्रवेशाच्या वेळी तिच्या गावाचा रकाना कोणी भरलाच नव्हता. अशा रकान्याला संगणक 'नल' मानतो, म्हणजे 'माहीत नाही'. हे गाव शाळेचेच आहे काय? माहीत नाही. दुसरे आहे काय? तेही माहीत नाही. आणि जी अट निश्चित खरी ठरत नाही, ती नोंद यादीत येत नाही. चार दिवस ती मुलगी शाळेत आली नव्हती.

आपल्या नावांचीही अशीच गत होते. एकीकडे मोहम्मद, दुसरीकडे मुहम्मद, तिसरीकडे नुसते 'मो.'. माणूस एकच, पण अक्षरशः जुळणी मागणाऱ्या फिल्टरला ती तीन माणसे. म्हणून नावाचा शोध थोड्या अक्षरांवरूनही व्हावा, अशी सोय ठेवावी.

विद्यार्थी मित्रांनो, आज जगभर वापरली जाणारी एसक्यूएल ही भाषा १९७४ साली चेंबरलिन आणि बॉइस यांनी मांडली. तिचा पाया कॉड यांनी १९७० साली घातला होता. ती अवश्य शिका. मात्र रिपोर्ट कोणाच्या हाती देण्यापूर्वी दोन गोष्टी पडताळा. सर्व फिल्टर मोकळे ठेवले तर पटावरची पूर्ण संख्या आली पाहिजे. आणि गावागावांची बेरीज, अधिक रिकाम्या रकान्यांची संख्या, तेवढीच भरली पाहिजे.

पालकांना एवढीच विनंती, की प्रवेश अर्जाचा एकही रकाना मोकळा सोडू नका आणि पाल्याचे नाव सर्व कागदांवर एकसारखे लिहवून घ्या. यादीत नाव नसेल तर निमूटपणे परत फिरू नका. कोणत्या अटीने गळले ते विचारा. तो प्रश्न विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.