घाट चढणारी गाडी आणि बलाचा हिशेब

मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला थांबली की प्रवासी बटाटेवड्यांसाठी फलाटावर उतरतात आणि त्याच वेळात गाडीच्या शेपटाला जादा इंजिने येऊन लागतात. रेल्वेवाले त्यांना बँकर म्हणतात. लोणावळ्यापर्यंत हे बँकर गाडीला मागून रेटत राहतात. नववीतला 'गतीचे नियम' हा धडा शिकवायला याहून चांगली प्रयोगशाळा शोधून सापडायची नाही. मुलांची गाठ मात्र पडते ती उतरणीवरच्या लाकडी ठोकळ्याशी!

बोरघाटातून रेल्वे सुरू झाली १८६३ साली. इथला कमाल चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की गाडी १ मीटर वर चढते. ऐकायला किरकोळ वाटते. हिशेब सरळ यावा म्हणून इंजिनांसह गाडी १४८० टनांची धरू. या चढावर तिच्या वजनाचा सदतिसावा भाग तिला उताराकडे खेचतो. तो भरतो ४० टन वजनाइतका. शाळेच्या एककात जवळजवळ चार लाख न्यूटन. हीच गाडी सपाटीवर संथ चालवायला तीन-चार टनांची ओढ पुरते. घाटात मागणी दसपटीच्या वर जाते ती अशी.

मग इंजिनाची ताकद वाढवावी, झाले! पण प्रश्न ताकदीपाशी संपत नाही. इंजिनाचे चाक रुळाला मागे रेटते आणि रूळ चाकाला पुढे रेटतो. हा रेटा घर्षणाचा. घर्षण म्हणजे नेहमी गतीला विरोध, असे घोकलेल्या विद्यार्थ्याला इथे धक्का बसतो, कारण गाडीला पुढे नेणारे बल घर्षणाचेच आहे. १२० टनांच्या इंजिनाला कोरड्या रुळावर वजनाच्या साधारण तीस टक्के, म्हणजे ३६ टनांपर्यंत पकड मिळते. पावसाने ती निम्म्यावर आली तर उरतात १८ टन. त्यापलीकडे जोर लावला की चाके जागीच गरगरतात. म्हणून चाकांपुढे वाळू सोडतात, आणि म्हणूनच एकाऐवजी तीन इंजिने लागतात: त्यांची ओली पकड मिळून ५४ टन होते.

सगळी इंजिने पुढेच का जोडत नाहीत? तसे केले तर सगळ्या डब्यांची ओढ पहिल्या कपलिंगवर येईल. मागून रेटा मिळाला की तो ताण विभागला जातो, आणि एखादे कपलिंग तुटलेच तर सुटलेल्या डब्यांना मागे आधार असतो.

आता खरा प्रश्न. ही गाडी सरळ रुळावर ताशी ३० किलोमीटरच्या कायम वेगाने चढते आहे. तिच्यावरचे परिणामी बल किती? मुलेच काय, मोठी माणसेही 'वरच्या दिशेने बरेच' असे सांगतात. उत्तर आहे शून्य. इंजिनांचा रेटा आणि खाली खेचणारी बले समसमान आहेत, म्हणूनच वेग बदलत नाही. चालत्या वस्तूवर बल उरलेच पाहिजे, ही समजूत ॲरिस्टॉटलच्या काळापासूनची. न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' १६८७ साली छापला गेला, तरी ती गेलेली नाही. बल लागते ते वेग बदलायला.

दुसरा घोटाळा क्रिया-प्रतिक्रियेचा. दोन्ही समान आणि विरुद्ध, तर मग गाडी हलतेच कशी, असे एखादा चुणचुणीत मुलगा विचारतो आणि बहुतेकदा त्याला गप्प बसवले जाते. खरे तर उत्तर सोपे आहे: चाकाचा रेटा रुळावर आणि रुळाचा चाकावर. दोन बले दोन वेगळ्या वस्तूंवर असल्याने एकमेकांना खोडत नाहीत. कोणते बल कोणावर, एवढे विचारण्याची सवय शिक्षकांनी लावली तर या धड्यातली निम्मी भीती जाईल.

उतरताना हेच गणित उलटे होते. ब्रेक निकामी झालेली गाडी मुख्य मार्गावर धावू नये म्हणून घाटात कॅच सायडिंग आहेत: मुख्य मार्गातून फुटून चढाकडे जाणारे आडरूळ. तिथला काटा एरवी या सायडिंगकडेच वळवलेला असतो. उतरणारी गाडी आधी थांबून काबूत असल्याचे दाखवते आणि मगच तिला मुख्य मार्ग मिळतो.