कॉफी भाजण्याचीं दोन यंत्रें

निफाडची ख्याति द्राक्षांबद्दल, कांद्याबद्दल आणि हिंवाळ्यांतील कडाक्याच्या थंडीबद्दल आहे, कॉफीबद्दल नाहीं. महाराष्ट्रांत कॉफीची लागवड पाहावयाची तर अमरावती जिल्ह्यांतील चिखलदऱ्यापर्यंत जावें लागतें. तथापि हिरवे दाणे विकत आणून ते घरींच भाजणारीं मराठी घरें अजून आहेत, व आमचें घर त्यांपैकीं एक होय. १७ व्या शतकांत व्यंकोजी राजांच्या मागोमाग तंजावर प्रांतीं स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनीं पुढें तिकडील कॉफी आपलीशी केली. तेथील एका सोयरिकीमुळें ही रीत आमच्या घरीं आली.

आमच्या स्वयंपाकघरांत भाजण्याचीं दोन यंत्रें आहेत. जुनें म्हणजे जाड पत्र्याचें एक आडवें नळकांडें. त्यास मूठ आहे आणि खालीं कोळशाची शेगडी ठेवावी लागते. नवें यंत्र विजेचें असून त्यांतील पंखा तापलेल्या हवेचा झोत सोडतो व दाणे त्या झोतांत उसळत राहतात. दोहोंत चांगलें कोणतें, असें मला पुष्कळ जण विचारतात. त्याचें उत्तर देण्यापूर्वीं भाजतांना दाण्यांत काय घडतें, तें पाहिलें पाहिजे.

हिरव्या दाण्यांत शेंकडा १० ते १२ भाग पाणी असतें. तें निघून जातां जातां दाणा पिवळा पडतो, मग तांबूस होतो. सुमारें २०० अंश सेंटिग्रेडला आंतील वाफेच्या व वायूंच्या दाबानें दाणा फुटून तडतड असा स्पष्ट आवाज होतो. पुढें सुमारें २२५ अंशांस दुसरा, अधिक बारीक आवाज येतो आणि दाण्यावर तेल चमकूं लागतें. उत्तम कॉफी बहुधा ह्या दोन आवाजांच्या दरम्यान उतरवितात. ही वेळ थोड्याच मिनिटांची असते. ती चुकली कीं दाणा एक तर कच्चट राहतो, नाहीं तर करपतो.

जुन्या यंत्रांत दाण्यास उष्णता मुख्यत्वें तापलेल्या पत्र्याकडून मिळते. म्हणून मूठ अखंड फिरवावी लागते. हात थांबला कीं खालचे दाणे डागतात. एका घाण्यास १५ ते २० मिनिटें लागतात. माझ्या मातोश्रींची दृष्टि उतारवयांत फार मंद झाली होती. तरी केवळ कानानें व नाकानें त्या दाणे अचूक उतरवीत आणि लागलीच सुपांत घेऊन पाखडीत. त्यामुळें फोलपटें उडत व दाणे थंड होऊन भाजण्याची क्रिया थांबे. हें कौतुक खरें. परंतु तो धूर आणि मनगटाचे ते कष्ट घरांतील स्त्रियांच्याच वांट्यास येत, हेंही विसरूं नये. शिवाय बंद खोलींत कोळसा पेटविल्यास कार्बन मोनॉक्साइड हा प्राणघातक वायु साचतो.

नव्या यंत्रानें हे कष्ट वांचविले. हवेचा झोत दाण्यास सर्व बाजूंनीं लागत असल्यामुळें रंग एकसारखा येतो, फोलपटें वेगळ्या भांड्यांत जमतात आणि काम ८ ते १० मिनिटांत उरकतें. महाग यंत्रांत उष्णतामापकहि असतो. साध्या यंत्रांत मात्र बहुधा घड्याळच असतें, आणि घड्याळाला दाण्याची स्थिति कळत नाहीं.

आमच्या गांवीं हा फरक विशेष जाणवतो. विजेचा दाब २३० व्होल्टवरून २०० वर उतरला, तर तापणाऱ्या तारेची उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत घटून जवळजवळ तीनचतुर्थांशावर येते. त्यांत थंडीची भर! निफाडास पौषांतील पहांटे पारा ५ अंशांच्याहि खालीं जातो, तर वैशाखांतील दुपारीं तो ४० वर चढतो. म्हणजे यंत्र जी हवा आंत ओढतें तिच्यांतच ३५ अंशांचें अंतर. वैशाखांत नऊ मिनिटांत तयार होणारा दाणा पौषांत तितक्याच वेळांत कच्चा राहतो. घड्याळ मात्र दोन्ही वेळां काम पुरें झाल्याची घंटा वाजवितें.

तेव्हां माझें उत्तर असें कीं, यंत्र नवेंच घ्यावें. घरांतील कोणाच्याहि डोळ्यांस धुराचा त्रास देऊन मिळविलेला स्वाद मला नको. परंतु पहिले चारसहा घाणे त्याच्याजवळ उभें राहून भाजावे, पहिली तडतड केव्हां झाली तें वहींत टिपावें व त्यावरून यंत्र कधीं थांबवावयाचें तें ठरवावें. दाब कमी असेल तेव्हां घाणा लहान घ्यावा. दाणे सुपांत ओतून लगेच गार करावे. ताज्या भाजलेल्या दाण्यांतून कार्बन डायऑक्साइड निघत असतो, म्हणून पहिले १२ तास डब्याचें झांकण घट्ट लावूं नये आणि दळण्याची घाई करूं नये. भाजतांना शेंकडा सुमारें १५ भाग वजन घटतें, तेंहि खरेदी करतांना लक्षांत ठेवावें.

आणि घरांतील मुलामुलींना ते दोन आवाज एकदां तरी ऐकवावे. जुनें नळकांडें आम्हीं मोडींत काढलें नाहीं, तें त्याचसाठीं. वर्षांतून एकदोन वेळां तें अंगणांत मांडतों आणि मूठ नातवंडांच्या हातीं देतों. तडतड प्रथम ज्याच्या कानीं पडेल त्यानें हांक द्यावयाची, असा नियम आहे. ज्याचा कान एकदां तयार झाला, त्याला कोणतेंहि यंत्र चालवितां येईल.