जबड्याचे माप आणि मापांचा मेळ

दातांना तारा लावण्यापूर्वी दंतवैद्याला एका प्रश्नाचा निकाल लावावा लागतो, तो असा की दोष केवळ दातांच्या रांगेत आहे, की वरचा आणि खालचा जबडाच एकमेकांच्या पुढेमागे आहे. निरोगी उपदाढा काढण्याचा किंवा जबड्यावर शस्त्रक्रिया करण्याचा निर्णयही या उत्तरावर ठरत असल्याने त्यासाठी सेफॅलोग्राम, म्हणजे डोके एका ठरावीक स्थितीत धरून बाजूने घेतलेले क्ष-किरण चित्र, वापरले जाते. हे तंत्र १९३१ मध्ये अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ यांनी स्वतंत्रपणे मांडले.

या चित्रावर पारदर्शक कागद ठेवून नाकाच्या मुळाशी एक, वरच्या जबड्याच्या पुढच्या खोलगट भागावर दुसरा आणि खालच्या जबड्यावर तिसरा बिंदू टिपला, की पहिल्या बिंदूशी जो कोन होतो तो एएनबी कोन. स्टायनर यांच्या पद्धतीत तो सुमारे २ अंश असणे प्रमाण मानले जाते. मात्र नाकाचे मूळ जन्मतःच थोडे पुढे असलेल्या व्यक्तीत जबडे जागच्या जागी असूनही हा कोन लहान भरतो. ही उणीव ओळखून जेकबसन यांनी १९७५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँड विद्यापीठाच्या नावावरून ‘विट्स’ म्हटले जाणारे माप पुढे आणले. त्यात दोन्ही जबड्यांच्या बिंदूंपासून दात मिटतात त्या रेषेवर लंब टाकून त्यांतील अंतर मिलिमीटरमध्ये मोजतात. नाकाचा अडसर त्यामुळे दूर झाला खरा, पण दात मिटण्याची रेषाच कललेली असेल तर हेही माप फसते, आणि दुधाचे व कायमचे दात एकत्र असलेल्या वयात ती रेषा आखणेच कठीण जाते.

अशा दोन पद्धती एकमेकींशी जुळतात का, हे पाहताना सहसंबंध आणि एकमत यांत गल्लत होते, आणि ही गल्लत घातक आहे. एखादा तराजू प्रत्येक वस्तू नेमकी दुप्पट दाखवत असेल, तर त्याचा खऱ्या वजनाशी सहसंबंध पूर्ण असतो, एकमत मात्र मुळीच नसते. म्हणून ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रत्येक रुग्णाच्या दोन मापांतील फरकच तपासावा, असे सुचविले. परंतु ही तपासणी एकाच एककातील मापांना लागू पडते, आणि येथे तर एक माप अंशांत, दुसरे मिलिमीटरमध्ये असते. तेव्हा दोन्ही पद्धती रुग्णाला कोणत्या गटात घालतात याची तुलना करावी लागते, आणि त्यासाठी कोहेन यांचा १९६० मधील कप्पा हा निर्देशांक उपयोगी पडतो, कारण तो योगायोगाने जमलेले एकमत वजा करतो. समजा, दोन पद्धतींनी प्रत्येकी १०० पैकी ८० रुग्ण सामान्य आणि २० सदोष ठरविले, तर केवळ योगायोगानेच ६८ रुग्णांबाबत त्यांचा निष्कर्ष सारखा येईल आणि कप्पा शून्य भरेल, जरी ऐकणाऱ्याला ६८ टक्के ही जुळणी भक्कम वाटली तरी.

दोन मापे भिन्न बोलू लागली, की त्यांची सरासरी काढणे व्यर्थ असते. नाकाचे मूळ पुढे आहे का, दातांची रेषा कललेली आहे का, हे त्याच चित्रावर पुन्हा पाहावे लागते. एखाद्या मुलाच्या उपदाढा काढण्याचा सल्ला मिळाला असेल, तर हा निर्णय किती मापांवर आधारला आहे आणि ती एकमेकांशी जुळली का, हे पालकांनी वैद्यांना अवश्य विचारावे.