वात जळू नये म्हणून : परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थी आणि शिक्षक
(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या व्यासपीठावर एखादा मोठा वैचारिक विषय घ्यावा, अशी प्रथा आहे. परंतु समितीने आम्हा शिक्षक मंडळींना बोलावले, तेव्हा आम्ही आपसात ठरवले की, या वेळी घरातलाच विषय घ्यायचा. ज्या घरात दहावी-बारावीचे लेकरू आहे, त्या घरात फेब्रुवारी-मार्चमध्ये काय चालते, ते कोणी कोणाला सांगायला नको. टीव्ही बंद, पाहुणे बंद, आणि हळूहळू घरातले हसणेही बंद! त्याच दिवसांत शिक्षकाच्या घरी काय चालते, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. म्हणून आज आपण या दोघांबद्दल बोलू : बाकावर बसणाऱ्याबद्दल आणि फळ्यासमोर उभ्या असणाऱ्याबद्दल.

आधी हा हंगाम समजून घेऊ. दिवाळीची सुट्टी संपते आणि राहिलेला अभ्यासक्रम डोळ्यांसमोर उभा राहतो. डिसेंबरात स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा. जानेवारीत सराव परीक्षा. मग प्रात्यक्षिक, तोंडी परीक्षा आणि लगेच बोर्ड. त्यात तारखाही अलीकडे आल्या. 2024 मध्ये बारावीची परीक्षा 21 फेब्रुवारीला आणि दहावीची 1 मार्चला सुरू झाली होती. 2025 मध्ये त्याच परीक्षा अनुक्रमे 11 आणि 21 फेब्रुवारीला सुरू झाल्या. कागदावर हे आठ-दहा दिवस. पण ज्याची उजळणी राहिली आहे त्या मुलाला आणि ज्याचे दोन धडे राहिले आहेत त्या शिक्षकाला हे दिवस किती मोठे असतात, ते त्यांनाच विचारा. थंडी ओसरते, दुपारी ऊन चढायला लागते, अंगात आळस भरतो. आणि नेमकी याच वेळी सगळ्यांनी सगळ्यात जास्त धावायचे असते.

अशा धावपळीतून जो थकवा येतो, तो साधा थकवा नव्हे. साधा थकवा एक रात्र झोपले की जातो. हा जात नाही. आपल्या घरात दिवा लावतो तेव्हा तेल जळते, वात नाही. तेल संपले की मात्र वात जळू लागते, उजेड कमी आणि धूर जास्त होतो. माणसाचंही तसंच आहे. इंग्रजीत याला ‘बर्नआउट’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये त्याची तीन लक्षणे सांगितली : शक्ती पार संपल्यासारखे वाटणे, कामाविषयी मन विटणे, आणि आपल्याकडून काहीच नीट होत नाही असे वाटणे. संघटनेने हे नोकरी-कामाच्या संदर्भात म्हटले आहे, त्याला आजारही म्हटलेले नाही. पण विद्यार्थ्याचे काम म्हणजे अभ्यासच की! पोरगं दोन तास पुस्तकासमोर बसलेलं आहे आणि पान उलटलेलं नाही, डोकं दुखतं म्हणतं, ताटावरून अर्ध्यातून उठतं, धाकट्या बहिणीवर उगाच खेकसतं. आपण म्हणतो, आळशी झालाय. आळशी नाही हो, त्याचं तेल संपलंय!

मग तेल घालायचे कसे? पहिली गोष्ट झोप. रात्री दोन वाजेपर्यंत जागणाऱ्या मुलाचे आपण कौतुक करतो. पण तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोप लागते, असे निद्रातज्ज्ञ सांगतात. वाचलेले डोक्यात पक्के बसण्याचे बरेच काम झोपेतच होते. झोप कापून केलेला अभ्यास म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणे. इथे कोणी म्हणेल, बाबासाहेब तर रात्ररात्र अभ्यास करीत. पण शाळकरी भीमरावाची दिनचर्या नीट आठवा. परळच्या चाळीतली एवढीशी खोली, घरात माणसे अनेक. रामजी बाबा मुलाला संध्याकाळी लवकर झोपवीत आणि पहाटे दोनला उठवून दिव्याजवळ अभ्यासाला बसवीत. म्हणजे आधी झोप, मग अभ्यास. लहान घरात शांतता मिळावी म्हणून एका बापाने काढलेली ती युक्ती होती. त्यातली जागरणाची गोष्ट आपण घेतली आणि लवकर झोपण्याची सोडून दिली, असे होऊ नये.

दुसरी गोष्ट, अभ्यासाची रीत. एबिंगहाऊस नावाच्या जर्मन संशोधकाने 1885 मध्येच दाखवून दिले की, पाठ केलेले माणूस पहिल्या काही तासांत आणि दिवसांतच सर्वांत वेगाने विसरतो. म्हणून थोड्या थोड्या दिवसांनी उजळणी हवी. 2006 मध्ये अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. ज्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला त्यांच्यापेक्षा, ज्यांनी तो वाचून, मिटून, आठवून लिहून काढला त्यांना आठवड्यानंतर जास्त आठवले. विद्यार्थी मित्रांनो, याचा अर्थ सरळ आहे. धडा पाचव्यांदा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. जे आठवणार नाही, तेवढेच पुन्हा वाचा. तीस-चाळीस मिनिटे बसा, उठा, पाणी प्या, दोन फेऱ्या मारा, पुन्हा बसा. कमी वेळात जास्त होईल आणि डोकंही शाबूत राहील.

आपल्या धम्मात याचा दाखला आहे. विनयपिटकाच्या महावग्गात सोण कोळिविसाची कथा येते. चंपानगरीच्या श्रीमंत घरचा हा मुलगा भिक्खू झाला आणि राजगृहाजवळ सीतवनात चंक्रमण करता करता त्याने आपले कोमल पाय रक्तबंबाळ करून घेतले. एवढे करूनही काही साधत नाही म्हणून तो खचला, घरी परत जावे असे त्याच्या मनात आले. तथागतांनी त्याला उपदेशाचा डोंगर ऐकवला नाही. तो पूर्वी वीणा वाजवीत असे, म्हणून त्याला वीणेबद्दलच विचारले : तारा फार ताणल्या तर सूर निघतो का? फार सैल सोडल्या तर निघतो का? दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेच होते. सोणाला उमगले, त्याने प्रयत्न सोडला नाही, पण तो बेताचा केला, आणि पुढे तो अर्हत झाला. आमच्या वर्गात दरवर्षी चार-दोन सोण असतात. ते नापास होतात ते कमी अभ्यासाने नव्हे, ताणलेल्या तारेने!

आता पालकांशी थोडे स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पेपर सुटला की फाटकावरच पोराला गाठून ‘किती सोडवलास, किती येतील’ हा हिशेब नको. झालेला पेपर परत लिहिता येत नाही, उद्याचा मात्र बिघडतो. शेजारच्या मुलीचे टक्के आपल्या मुलीला ऐकवू नका. आणि टक्क्यांचेच म्हणाल, तर 1907 साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकरांना 750 पैकी 282 गुण होते, म्हणजे शंभरात साडेसदतीसच्या आसपास! त्यावर समाजाने काय केले? सभा भरवली, सत्कार केला, आणि केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाच्या हातात ठेवले. त्या वेळी कोणी त्याला टक्केवारी ऐकवीत बसले असते, तर? आज आपल्या वस्तीत साठ टक्केवाला मुलगा तोंड लपवून फिरतो, ही गोष्ट आपल्याला शोभते का?

आणि एखादा विषय गेलाच, तर जग बुडत नाही. दहावीच्या निकालानंतर जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा असते. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीच्या सवलतीने अकरावीला प्रवेश घेता येतो. हे नियम प्रत्येक घरात माहीत पाहिजेत, कारण ते ठाऊक नसल्यामुळे एका गणितापायी मुलगा कायमचा हमालीला जातो आणि मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. याहून वाईटही घडते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे 2022 या एका वर्षात देशात 13 हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यात सर्वाधिक आपल्या महाराष्ट्रातले होते. त्यातली सगळीच परीक्षेमुळे नव्हती. पण मूल गप्प गप्प राहू लागले, झोपेनासे झाले, ‘माझा काय उपयोग’ असे बोलू लागले, तर ते नाटक समजू नका. त्याच्याजवळ बसा, ऐकून घ्या, एकटे सोडू नका. ‘टेलिमानस’ ही सरकारची मोफत सेवा 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस चालू असते, 2022 पासून ती आहे. परीक्षेच्या काळात बोर्डाची विभागीय मंडळेही समुपदेशक नेमतात. हा क्रमांक विहाराच्या फळ्यावर कायम लिहिलेला असावा, अशी आमची समितीला विनंती आहे.

आता शिक्षकांची बाजू. बोर्डाचा पेपर सुरू झाला की शिक्षक अकरा ते दोन पर्यवेक्षणाला उभा असतो. तिथून येऊन पाचवी ते नववीचे तास, मग उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, नियामकाकडच्या फेऱ्या, घरी आल्यावर ऑनलाइन माहिती भरणे. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 27 प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज बिगरशैक्षणिक काम शिक्षकांना देता येत नाही. पण या तिन्हींतली निवडणूक एकटीच किती कामे घेऊन येते, ते मतदारयाद्या घेऊन दारोदार फिरणाऱ्या बाईंना विचारा. त्यातून आपल्या वस्तीतली बी.एड. झालेली कितीतरी मुलं-मुली विनाअनुदानित शाळेत किंवा तासिका तत्त्वावर राबताहेत. तास झाला तर पैसे, सुट्टी लागली की शून्य! त्यांच्या दिव्यात तेल कोणी घालायचे?

आम्ही शिक्षक एकमेकांना इतकेच सांगतो : गठ्ठा एकट्याने उरावर घेऊन बसू नका, दोघे-तिघे मिळून बसा. रोज किती पेपर तपासायचे ते ठरवा आणि तेवढे झाले की उठा. शेवटच्या पंधरवड्यात नवीन काही शिकवण्याचा अट्टाहास नको. मुलांना जे येते ते पक्के करा. आणि वर्गात आवाज चढायला लागला, मुलाचे नाव न घेता त्याच्या हजेरी क्रमांकाने हाक मारावीशी वाटली, तर ओळखा की वात जळू लागली आहे. त्या दिवशी सहकाऱ्याला सांगा, ‘एक तास माझा घे.’ यात कमीपणा नाही. पालकांनीही या महिन्यात शिक्षकाला गाठायचेच असेल, तर तक्रार घेऊन एकदा आणि बरा शब्द घेऊन एकदा असे गाठावे. ‘सर, पोरगं तुमच्यामुळे गणिताला घाबरत नाही आता,’ एवढे एक वाक्य महिनाभर पुरते!

मग विहाराने काय करावे? विहार हे केवळ वंदनेपुरते नसून विद्येचे ठिकाण आहे, हे आपण नेहमी म्हणतो. ते कृतीत आणायचे दिवस हेच. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहतात तिथे मुलाने बसायचे कुठे? म्हणून जानेवारी ते मार्च हा हॉल पहाटे पाच ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते दहा अभ्यासासाठी उघडा असावा. दिवे नीट असावेत, प्यायचे पाणी असावे, रात्री मुलींना घरापर्यंत पोचवायला महिला मंडळाच्या दोघीजणी असाव्यात. सुरुवातीला दहा मिनिटे शांत बसून श्वासाकडे लक्ष द्यावे, मग वह्या उघडाव्यात. ज्यांनी पुरवणी परीक्षा देऊन पुढे शिक्षण केले, अशा वस्तीतल्याच एखाद्याने येऊन आपली हकीकत सांगावी. ती आमच्या व्याख्यानापेक्षा उपयोगी पडेल.

आणि कर्ण्याचे काय? ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली झाले. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकरला बंदी, आणि रहिवासी भागात दिवसा 55 व रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. पण आपण कायद्याच्या धाकाने कशाला थांबायचे? 7 फेब्रुवारीची माता रमाईंची जयंती ऐन परीक्षेच्या तोंडावर येते. ज्या माउलीने उपाशीपोटी राहून बाबासाहेबांचे शिक्षण जपले, तिची जयंती अभ्यास करणाऱ्या लेकराची झोप मोडून साजरी व्हावी का? त्या दिवशी दोन तासांचा कार्यक्रम आवाज बेताचा ठेवून करा आणि डीजेच्या पैशातून अभ्यासिकेला चार टेबले, दोन पंखे घ्या. वस्तीतले लग्न असो, हळद असो, हीच विनंती सर्वांना करावी. आपण आधी केले तर इतरांना सांगायला तोंड राहील.

बंधू-भगिनींनो, परीक्षा येतील आणि जातील. मार्च संपल्यावर आपली लेकरे आणि त्यांना शिकवणारी माणसे धडधाकट, हसती राहिली पाहिजेत. निकालाच्या दिवशी पेढे कोणाच्या घरी वाटले जातील ते वाटले जातील. परंतु ज्याचा विषय राहिला, त्याच्या दारात त्या संध्याकाळी समितीचे दोघेजण जाऊन उभे राहिले, ‘बाळा, जुलैची तयारी उद्यापासून विहारात’ असे म्हणाले, तर आजचा हा वर्धापनदिन सार्थकी लागला असे आम्ही समजू.

 सर्व विद्यार्थ्यांना मंगल कामना!

नमो बुद्धाय! जयभीम!