छापील नाव कुठे आहे?



या संमेलनात शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, मनापासून आभार. आभारात जास्त वेळ घालवत नाही, कारण हा ध्वनिक्षेपक मला एकदाच मिळणार आहे. माझ्या निवडीच्या वेळी कुणी किती फोन फिरवले, गेल्या सर्वसाधारण सभेतून कोण उठून गेलं, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. ते मी उगाळणार नाही. माझं भांडण त्याहून जुनं आहे, आणि ते एका लेखाचं आहे.

चौतीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढल्यावर निवृत्तीनंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मी एका मुक्त ज्ञानकोशाची सदस्य झाले. कोशाचं नाव घेत नाही. आपल्या तालुक्यात चाळीस वर्षं कीर्तनं केलेल्या, स्वतःच्या आख्यानांच्या तीन पुस्तिका पदरच्या पैशांनी छापून घेतलेल्या एका बाईंवर मी लेख लिहिला. चार संध्याकाळी गेल्या. रात्री अकराला लेख जतन केला आणि सकाळी नळाचं पाणी भरून येऊन पाहते, तर पान गायब. माझ्या चर्चा पानावर एक तयार साचा चिकटवलेला: संदर्भ नाहीत, उल्लेखनीयता सिद्ध होत नाही, मजकूर प्रचारकी आहे. नमस्कार नाही, खाली माणसाचं नाव नाही. मी विचारलं, काय दुरुस्त करू? उत्तर आलं, नियम वाचा. पुन्हा लिहिलं, पुन्हा उडालं. आठवड्याभराने मी तिकडे जाणं सोडलं.

पुष्कळ दिवस मला वाटलं, चूक माझीच, वय झालं, यंत्र जमत नाही. मग मी ग्रंथपालाने करायचं ते केलं, वाचायला बसले. इंग्रजी विकिपीडियाचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिलं, की तिथल्या सक्रिय संपादकांची संख्या २००७ च्या सुमारास शिखरावर पोहोचून घसरू लागली. का घसरली? नासधूस रोखण्यासाठी केलेली यंत्रं आणि साचे भल्या हेतूने आलेल्या नवख्यांवरही चालू लागले. पहिलंच काम उलटवलं गेलं की माणूस परत येत नाही. नवागतांना चावू नका, असा नियम त्याच कोशावर लिहिलेला आहे. नियम आहे आणि चावणंही चालू आहे. २००८ साली विकिपीडियाच्या वाचक-संपादकांची जगभर पाहणी झाली, तेव्हा संपादकांमध्ये स्त्रिया शेकडा १३ सुद्धा भरल्या नाहीत. विकिमीडिया फाउंडेशनच्या तेव्हाच्या प्रमुख स्यू गार्डनर यांनी २०१५ पर्यंत हे प्रमाण २५ टक्क्यांवर नेण्याचं लक्ष्य ठरवलं. ते गाठता आलं नाही.

आता डोना स्ट्रिकलंड यांचं ऐका. लेसरचे अतितीव्र स्पंद निर्माण करण्याची पद्धत त्यांनी आणि जेरार मूरू यांनी १९८५ साली मांडली. स्ट्रिकलंड २०१३ साली ऑप्टिकल सोसायटीच्या अध्यक्ष होत्या. मे २०१८ मध्ये कुणीतरी विकिपीडियावर त्यांच्यावरच्या लेखाचा मसुदा केला. तो नाकारला गेला, कारण दिलेले संदर्भ पुरेसे वाटले नाहीत. मूरूंवर लेख आधीपासून होता. २ ऑक्टोबर २०१८ रोजी दोघांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं, आणि मग काही तासांत बाईंचं पान तयार झालं. तोवर हे नोबेल मिळालेल्या स्त्रिया मोजा: मेरी क्युरी १९०३, मारिया गोपर्ट-मेयर १९६३, आणि तिसऱ्या या. बाईने नोबेल आणावं तेव्हा तिची नोंद व्हावी! आमच्या कीर्तनकार बाईंनी कुठून आणायचं नोबेल?

२०१३ साली इंग्रजी विकिपीडियावरच्या अमेरिकी कादंबरीकारांच्या वर्गातून स्त्रियांची नावं एकेक करून 'स्त्री कादंबरीकार' या वेगळ्या वर्गात हलवली जात असल्याचं अमांडा फिलिपाची या कादंबरीकर्तीने उघड केलं आणि गहजब झाला. आपल्याकडे गहजब होत नाही. आपल्याकडे दुपारी तीन वाजता, जेवणं झाल्यावर, 'महिला लेखिकांचा परिसंवाद' ठेवतात. १८७८ पासून २०२५ पर्यंत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनं झाली ९८ आणि स्त्री अध्यक्ष झाल्या सहा. पहिल्या कुसुमावती देशपांडे, १९६१ साली, ग्वाल्हेरला. पहिलं नाव यायला ८३ वर्षं लागली.

आता तुम्हाला वाटेल, बाई संदर्भाच्या नियमावर उठल्या आहेत. मुळीच नाही. संदर्भ द्या हा नियम मी जन्मभर पाळला आणि पाळायला लावला. माझा प्रश्न पुढचा आहे. संदर्भ छापतं कोण? ज्ञानकोशावरच्या त्या अनामिक माणसाने माझं पान एकदा उडवलं. त्या कीर्तनकार बाईंना त्याच्या आधी चाळीस वर्षं आपण उडवत होतो. जिल्ह्याच्या साहित्यिक इतिहासाचा जो जाडजूड ग्रंथ निघाला, त्यात त्यांच्यावर एक ओळ नाही. त्याच्या संपादकांना मी दोष देत नाही, ते माझे गुरुबंधू होते आणि त्यांच्या हाती जी टिपणं आली त्यांवर त्यांनी प्रामाणिकपणे काम केलं. ज्या मंडळाने टिपणं मागवली, त्याने बायकांची यादीच मागितली नव्हती.

आणि जिथे छापलं, तिथे कसं छापलं? आपल्या वाचनालयातली स्मरणिकांची अख्खी फळी मी चाळली आहे. निबंधस्पर्धा, प्रथम क्रमांक, सौ. पाटील. कोणत्या पाटील? या तालुक्यात पाटलांची शेकडो घरं आहेत. पुरुष विजेता असला की नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव. बाई असली की 'सौ.' आणि आडनाव, तेही नवऱ्याचं. लोक म्हणतात, एवढ्याशा 'सौ.'वरून किती बोलता! मी बोलणार. त्या एका अक्षराने आपल्या भाषेतल्या बायकांची जितकी नावं गिळली, तितकी वाळवीने गिळली नसतील. माहेरच्या नावाने कविता, सासरच्या नावाने कथा, टोपणनावाने कादंबरी. बाळूताई खरे, मालती बेडेकर आणि १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' लिहिणाऱ्या विभावरी शिरूरकर ही तीन माणसं नव्हेत, एकच बाई आहे. ग्रंथपालाने तालिकेत 'पाहा' असं लिहिलेलं कार्ड घातलं तर ती एक राहते, नाही घातलं तर तिच्या तीन चिंध्या होतात. अशी 'पाहा' कार्डं मी आयुष्यभर लिहिली. ज्ञानकोशावर उल्लेखनीयता मोजतात तेव्हा ही कार्डं कुणी लिहीत नाही.

ज्ञानकोशाचं नाव काढलं की आपण डॉ. केतकरांना हात जोडतो, आणि जोडलेच पाहिजेत, त्यांच्या ज्ञानकोशाचे २३ खंड आहेत. पण त्यांच्या पत्नी शीलवतीबाई, माहेरच्या ईडिथ कोहन, यांनी विंटरनिट्झचा भारतीय वाङ्मयाचा इतिहास जर्मनमधून इंग्रजीत आणला. कलकत्ता विद्यापीठाने १९२७ साली पहिला खंड काढला, त्यावर नाव आहे 'मिसेस एस. केतकर'. एवढ्या कामाच्या धन्याला एक आद्याक्षर! त्यांच्या आत्मचरित्राचं नाव 'मीच हे सांगितलं पाहिजे'. ते त्यांनी उगीच ठेवलं असेल असं मला वाटत नाही.

आणि ज्यांना लिहिताही येत नव्हतं, त्यांचं काय? माझी आई पहाटे जात्यावर ओव्या म्हणत बसायची. मी अंथरुणात डोळे मिटून ऐकत असे. माहेर, भाऊ, दुष्काळ, सासऱ्याचं कर्ज, सगळं त्या घरघरीत यायचं. आमच्या घराण्याचा खरा इतिहास मला तिथे कळला. आईला सही करता येत नव्हती. ती गेली तेव्हा ते सगळं गेलं, एक ओळ मी उतरवून ठेवली नाही, मी, ग्रंथपाल. हे शल्य मी कुणापाशी बोलले नव्हते, आज बोलते. हेमा राईरकर आणि गी पॉतवँ यांनी खेडोपाडी फिरून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. म्हणून त्या बायका आज नावागावासह सापडतात. २०११ साली अचल प्रभला यांनी मल्याळम, हिंदी आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सेपेडी भाषेसाठी तोंडी माहितीचं ध्वनिमुद्रण विकिपीडियावर संदर्भ म्हणून वापरून दाखवलं. वाट दाखवली गेली होती. त्या वाटेवर जायला माणसं हवी होती.

२००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर चर्चेच्या जागेला 'चावडी' म्हणतात. शब्द आपल्या मातीतला आहे, सुंदर आहे. पण माझी आजी चावडीवरून जाताना पदर सावरून, मान खाली घालून जायची. चावडीवर बाई बसलेली तिने कधी पाहिली नाही. आज बसायला कुणी मनाई करत नाही हे खरं. पण पहिल्याच दिवशी खेकसलात, तर ती कशाला बसेल? 

माझं मागणं साधं आहे. या संमेलनाच्या कोणत्याही कागदावर यापुढे बाईचं नाव पूर्ण छापा, तिच्या स्वतःच्या नावासकट. वाचनालयात दर महिन्याला संपादनाची बैठक घ्या, आणि नवख्या बाईच्या शेजारी जाणतं माणूस बसवा. इथे जे कुणी कुठल्याही ज्ञानकोशावर अधिकार बाळगून आहेत, त्यांनी कुणाचं पान काढण्याआधी त्याला चार ओळी स्वतःच्या हाताने लिहाव्यात. आणि आपापल्या घरातल्या म्हाताऱ्या बायकांसमोर या दिवाळीच्या आत ध्वनिमुद्रण चालू करून बसा. मी बसले नाही, तुम्ही बसा.

त्या कीर्तनकार बाईंचं नाव मी इतक्या वेळात एकदाही घेतलं नाही. विसरले नाही. माझ्या तोंडून ऐकलेलं नाव कोशात चालत नाही, छापील लागतं. तुमच्या हातातल्या स्मरणिकेचं पाचवं पान उघडा. त्यांचं नाव, माहेरचं नाव, गाव, जन्मसाल आणि तिन्ही पुस्तिकांची नावं तिथे आहेत. ते टिपण मी लिहिलेलं नाही, नियमाप्रमाणे लिहूही नये. आपल्या महाविद्यालयातल्या इतिहासाच्या प्राध्यापिकेने सहा गावं फिरून ते लिहिलं. त्या पानावर जाहिरात घ्यावी असा ठराव कार्यकारिणीत आला होता, तो पडला. ज्यांनी पाडला, त्यांची मी ऋणी आहे.

आज रात्री मी पुन्हा त्या कोशावर जाणार आहे. लेख तोच असेल. फक्त खाली एक ओळ वाढेल: संमेलन स्मरणिका, पान पाच.